१८० बाय ५०

गेल्या शनिवारी आमच्या २००३ सालच्या गाडीतला कारटेप काढला आणि तिथे टचस्क्रीनवाला सेट बसवला. ऑफिसात सांगितलं तर लोक म्हणाले, अरे गाडी विक, सेट कसला बसवतोस! असो. गाडी बाबांची आहे आणि अजून पहिल्या स्टार्टला सुरू होते.

काम अवघड निघेल म्हणून अख्खा दिवस मोकळा ठेवला होता. प्रत्यक्षात डॅशबोर्डची पट्टी काढली, चार स्क्रू काढले, कारटेप बाहेर. त्याखालचा कप्पा, ज्यात आई टोलचे सुट्टे पैसे ठेवायची, तोही बाहेर. आणि नवा सेट त्या चौकोनात असा बसला, की जणू याच गाडीसाठी बनवलाय. आता गंमत बघा... सेट बनवणाऱ्यांनी ही गाडी कधी पाहिलेलीसुद्धा नसणार. मग माप जुळलं कसं? वीस वर्षं जुन्या सिस्टिमला नवं मोड्यूल लावलं आणि एकही एरर नाही, असं आमच्या धंद्यात तरी होत नाही!

उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

१९३० च्या जूनमध्ये शिकागोचे पॉल गॅल्विन आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवून अटलांटिक सिटीला गेले. तिथे रेडिओ उत्पादकांचं अधिवेशन होतं. गॅल्विन यांचा आत स्टॉल नव्हता, म्हणून त्यांनी गाडी बाहेर उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना रेडिओ ऐकवला. त्या रेडिओचं नाव मोटोरोला. पुढे कंपनीनेही तेच नाव घेतलं. बसवण्याच्या खर्चासकट किंमत ११० ते १३० डॉलर. आणि बसवणं म्हणजे दिव्यच होतं. व्हॉल्व्हच्या रेडिओला जास्त व्होल्टेज लागायचं, म्हणून वेगळ्या बॅटऱ्या ठेवायला जागा करा. स्पार्क प्लगची खरखर रेडिओत यायची, म्हणून ती दाबणारे भाग लावा. जर्मनीत १९३२ मध्ये ब्लाउपुंक्टने काढलेला सेट तर १५ किलोचा होता! तो डॅशबोर्डमध्ये बसणं शक्यच नव्हतं. म्हणून चालू-बंद करायची बटणं स्टीअरिंगजवळ आणि खोकं दुसरीकडे.

पुढे रेडिओ लहान झाले आणि डॅशबोर्डमध्ये शिरले. पण प्रत्येक गाडीचं भोक वेगळं. दोन बाजूंना दोन गोल बटणं, मधे काटा फिरणारी पट्टी, आणि नवा रेडिओ घ्यायचा तर कानशीने डॅशबोर्ड घासायची तयारी.

यातून सुटका केली ती जर्मनीच्या 'डिन' या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने. (आपला ए-फोर कागद आहे ना, तोही १९२२ मध्ये यांनीच ठरवलेल्या मापांपैकी.) त्यांनी कार रेडिओच्या तोंडाचं माप ठरवलं, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. १९८४ मध्ये तेच आंतरराष्ट्रीय मानक झालं, आयएसओ ७७३६. उंची दुप्पट केली, की १८० बाय १००, म्हणजे आपला 'डबल डिन'. आमचा कारटेप अधिक सुट्ट्या पैशांचा कप्पा!

हे मानक फक्त भोकाचं माप सांगतं. आत कॅसेट वाजते की सीडी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणूनच त्या एकाच चौकोनातून कॅसेट गेली, सीडी आली, एमपीथ्री आलं, ब्लूटूथ आलं, टचस्क्रीन आली. गाडी कंपनीची, पण त्या चौकोनात काय ठेवायचं ते मालकाने ठरवायचं. इंटरफेस म्हणतात तो हाच.

मागच्या वायरींचंही मानक आहे, पण माझ्या गाडीत तो कनेक्टर नव्हता. त्यामुळे एकेक वायर जोडत बसलो. नव्या सेटची पिवळी कायम बॅटरीला, लाल किल्लीच्या सप्लायला, काळी अर्थला. मी पिवळी-लाल उलट जोडली. मग काय, गाडी बंद केली की सेट सगळं विसरायचा. घड्याळ रोज बारा! रविवारी परत उघडून सरळ केलं.

पण एक दुसरा धागाही आहे. आयएसओचं मानक आलं १९८४ मध्ये आणि १९८६ मध्ये ब्युइकने रिव्हिएरा गाडीत टचस्क्रीन दिली. रेडिओ, एसी, गाडीच्या तक्रारी, सगळं त्या एका स्क्रीनवर. बटणं बघायला रस्त्यावरून नजर काढावी लागते म्हणून लोक वैतागले आणि थोड्याच वर्षांत ती गेली. कल्पना मात्र राहिली. आजच्या बऱ्याच नव्या गाड्यांत स्क्रीन डॅशबोर्डवर टॅब चिकटवल्यासारखी असते. एसी तिच्यातून, कॅमेरा तिच्यातून, सेटिंग तिच्यातून. चौकोन नाहीच. ती काढून दुसरी लावायची म्हणजे अर्धी गाडी बदलणं. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटोने निदान फोनमधून स्वतःचं काही आणायची वाट ठेवली होती. २०२३ मध्ये जनरल मोटर्सने पुढच्या विजेच्या गाड्यांतून तीही काढायचं जाहीर केलं.

मला नव्या स्क्रीनचा राग नाही, दिसतात झकास. पण गाडी वीस वर्षं चालते आणि सॉफ्टवेअर किती वर्षं चालतं ते मला विचारा, तेच माझं पोट आहे. उद्या ती स्क्रीन हळू झाली, तिचे अपडेट थांबले, तर चांगल्या इंजिनाची गाडी केवळ स्क्रीनपायी म्हातारी ठरणार.

संध्याकाळी बाबा जुना कारटेप बघायला आले. म्हणाले, "टाकू नकोस रे." वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. कधी वाटलंच तर परत बसेल, माप तेच आहे.