टोमॅटोवरील पतंगाचे गोत्र

सन २०१४ च्या उत्तरार्धात पुण्याकडील टोमॅटोशेतीत, आणि त्याच सुमारास बंगळूरजवळ हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या प्रक्षेत्रावर, पाने पोखरणारी जी नवी अळी आढळली, तिची ओळख पटविणे सुकर नव्हते. कारण पानातील नागमोडी रेषा पाहून आपला शेतकरी जिला नागअळी म्हणतो ती टोमॅटोवर बहुधा एका माशीची अळी असते, आणि ही आगंतुक मात्र पतंगकुळातील असून पानाच्या दोन पापुद्र्यांमधला हिरवा गर खाताना रेषेऐवजी फिकट फोड उठवी व पुढे फळातही शिरे. तिचा पतंग जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा, करडा, काळसर ठिपक्यांचा. आणि याच पेहरावाचे पतंग त्या कुळात कितीतरी आहेत.

अशा प्रसंगी पंखांच्या रंगाची साक्ष ग्राह्य धरीत नाहीत, कारण खवले झडले की रंगही जातो. उदर अलग करून ते दाहक पोटॅशच्या द्रावात ठेवावयाचे, आतील मऊ भाग विरघळून गेल्यावर जे कठीण अवयव उरतात ते सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळावयाचे, आणि नराच्या जननांगांतील बोटासारखी पकड, तिच्या आतल्या कडेवरचा उंचवटा व चमच्यासारखा रुंद असा मधला अवयव या खुणा जुळल्या तरच जातीचा निर्णय द्यावयाचा, अशी ही रीत आहे. मला तिच्यातील संयम फार मोलाचा वाटतो.

या पतंगाचे नामकरण एडवर्ड मेरिक यांनी १९१७ साली, पेरू देशातील वान्कायो येथून आलेल्या नमुन्यावरून केले. इंग्लंडातील मार्लबरो येथे अध्यापन करणाऱ्या या गृहस्थांनी हजारो सूक्ष्मपतंगांना नावे दिली, त्यांत भारतातून गेलेलेही पुष्कळ; परंतु त्यांची भिस्त मुख्यतः पंखांतील शिरांच्या मांडणीवर असे, आणि जननांगांच्या विच्छेदनाकडे ते वळले नाहीत. त्यांनी या पतंगास ‘थोरिमीया’ प्रजातीत दाखल केले. पुढे विच्छेदन रूढ झाल्यावर क्लार्क व विशेषतः पोव्होल्नी या पंडितांनी त्याचे बिऱ्हाड ग्नोरिमोशेमा, स्क्रोबिपाल्प्युला, स्क्रोबिपाल्प्युलॉइडिस असे हलवीत १९९४ मध्ये ‘टुटा’ प्रजातीत आणले, आणि आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी रुळले ते हेच नाव. परंतु २०२१ साली चँग आणि मेट्झ यांनी शरीररचनेची पुन्हा बारकाईने तुलना करून, टुटाचे स्वतंत्र घर टिकत नाही, मेरिकांनी लिहिलेली प्रजातीच खरी, असा निवाडा दिला.

आता या थोरिमीया प्रजातीचा आपल्याकडील जुना दाखला पाहावा. १९०६ साली इटलीहून आणलेल्या बियाण्याच्या बटाट्यांबरोबर मुंबईस एक पतंग उतरला, ज्याची अळी बटाट्याची पाने पोखरते आणि साठवणीतल्या कंदांतही शिरते. शंभराहून अधिक वर्षांनी हेसरघट्ट्यास टोमॅटोच्या पानातून निघालेला पतंग हा त्याचाच भाऊबंद. दोघांचीही नावे आज एकाच प्रजातीच्या दप्तरी शेजारी शेजारी लागली आहेत.