झाकली मूठ आणि उघडी वही

वस्ताद आपल्या पठ्ठ्यास सारे डाव शिकवितो. पण एक डाव मात्र स्वतःपाशीं राखून ठेवतो, अशी महाराष्ट्रांतल्या तालमींत जुनी समजूत आहे. तालमीचा हा नियम कारागिरांच्या जगांतही आढळतो. पोलादास पाणी देण्याची लोहाराची खुबी किंवा रंगाऱ्याचें रंगांचें प्रमाण बापाकडून मुलाकडे जाई. शेजाऱ्याच्या कानीं जात नसे. ज्याची विद्या हीच शिदोरी, त्यानें ती दुसऱ्यास कां वाटावी? झाकली मूठ सव्वा लाखाची, हें व्यवहाराचें शहाणपण त्याच्या बाजूस आहे. आजच्या कारखान्यांतही चालकांपुढें तोच प्रश्न उभा असतो. नोकराच्या हातांतलें कसब विकत घेतां येतें. पण त्याच्या डोक्यांतलें ज्ञान तो इतरांस कोणत्या आशेनें सांगेल? या प्रश्नाचें एक विलक्षण उत्तर इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास, कॉर्नवॉलमधील खाणींत, दोनशें वर्षांपूर्वीं मिळालें.

कॉर्नवॉल हा तांब्याचा आणि कथिलाचा प्रदेश. खाणी जसजशा खोल गेल्या, तसतसें त्यांत पाणी भरूं लागलें. तें उपसावयाचें तर वाफेचीं यंत्रें हवींत, आणि यंत्रांस दगडी कोळसा हवा. कॉर्नवॉलच्या भूमींत कोळसा मुळींच नाहीं. तो वेल्समधून गलबतांनीं आणावा लागे. त्यामुळें खाण नफ्यांत चालणार कीं बुडणार, हें पुष्कळदां कोळशाच्या ढिगावरच ठरे.

जेम्स वॉट याच्या यंत्रानें हा खर्च बराच उतरला. परंतु वॉट व त्याचा भागीदार बोल्टन यांनीं मुठी घट्ट झाकून धरल्या होत्या. वॉटचें पेटंट इ. स. १७६९ चें, पार्लमेंटनें १७७५ मध्यें कायदा करून त्याची मुदत १८०० पर्यंत वाढविली. जुन्या यंत्राच्या मानानें जो कोळसा वांचेल, त्याच्या एकतृतीयांश किंमत खाणमालकांनीं या जोडीस द्यावी, असा करार असे. यंत्राच्या हेलकाव्यांची मोजदाद करणारें उपकरण कुलुपबंद पेटींत बसविलेलें असे. जोनाथन हॉर्नब्लोअर यानें दोन सिलिंडरांचें निराळें यंत्र रचलें. पण न्यायालयानें १७९९ मध्यें वॉटचा हक्कच उचलून धरला. पुढल्याच वर्षीं पेटंट संपलें, बोल्टन-वॉट यांचीं माणसें निघून गेलीं, आणि चमत्कार असा कीं, यंत्रें सुधारण्याऐवजीं बिघडत चाललीं. फी देण्याची कटकट गेली, तसा हिशेब ठेवण्याचा धाकही गेला. कोणत्या खाणींत किती कोळसा जळतो, याची तुलना करणारा कोणी उरला नाहीं.

ही स्थिति पाहून कांहीं खाणींच्या चालकांनीं १८११ मध्यें एक साधा निर्णय घेतला. प्रत्येक यंत्राचें काम एका विश्वासू माणसानें मोजावें आणि तें दर महिन्यास छापून सर्वांपुढें ठेवावें. हें काम जोएल लीन या अनुभवी खाणचालकाकडे आलें. तो पुढल्याच वर्षीं वारला. परंतु त्याच्या थॉमस व जॉन या मुलांनीं तें पत्रक पुढें चालविलें, आणि १९०४ पर्यंत तें निघत राहिलें. त्यांत अलंकारिक मजकूर कांहीं नसे. खाणीचें नांव, सिलिंडरचा व्यास, पाणी किती उंच चढविलें, हेलकावे किती झाले, कोळसा किती जळला, आणि शेवटीं एंजिनिअरचें नांव. या सर्वांचें सार एका आंकड्यांत येई. त्यास 'ड्यूटी' म्हणत. एक बुशेल, म्हणजे ९४ पौंड, कोळसा जाळून किती पौंड पाणी एक फूट उंच चढलें, हा तो आंकडा.

मालकांनीं स्वतःची वही अशी उघडी कां केली, याचें कारण त्यांच्या भागीदारीच्या पद्धतींत सांपडतें. कॉर्नवॉलमधील भागीदारांचे पैसे बहुधा एकाच खाणींत नसून अनेक खाणींत विखुरलेले असत. म्हणून शेजारच्या खाणीची बचत ही त्यांना परक्याची बचत वाटत नसे. एंजिनिअरही एकाच वेळीं अनेक खाणींची चाकरी पाहात. त्यांच्या दृष्टीनें छापील नांव हीच मोठी कमाई होती. ज्याच्या यंत्राची ड्यूटी वरचढ, त्याला दुसऱ्या खाणीचें बोलावणें येई. विद्या लपवून जें मिळालें नसतें, तें ती सिद्ध करून दाखविल्यानें मिळूं लागलें.

परिणाम विस्मयकारक झाला. १८१२ मध्यें रिचर्ड ट्रेव्हिथिक यानें व्हील प्रॉस्पर या खाणींत उच्च दाबाची वाफ वापरणारें आणि तिच्या प्रसरणाचा पुरता उपयोग करून घेणारें यंत्र उभारलें. आर्थर वुल्फ यानें आपलें पेटंट घेतलेलें दोन सिलिंडरांचें यंत्र स्पर्धेंत उतरविलें. दोन्हींचे आंकडे महिन्यामागून महिना शेजारीं शेजारीं छापले गेले, आणि ट्रेव्हिथिकच्या साध्या रचनेचा पक्ष अखेर सरस ठरला. सॅम्युएल ग्रोस यानें नळ्या व सिलिंडर यांना उष्णता धरून ठेवणारें जाड आवरण घातलें. त्याच्या व्हील टोवन येथील यंत्रानें १८२८ मध्यें आठ कोटींचा टप्पा ओलांडला. हा आंकडा ऐकून बाहेरच्या विद्वानांना शंका आल्या. पण इतर एंजिनिअरांनीं तीच युक्ति उचलली. १८३५ मध्यें ऑस्टेन यांच्या खाणींत विल्यम वेस्ट याच्या यंत्रानें साक्षीदारांसमक्ष चोवीस तास चाललेल्या परीक्षेंत साडेबारा कोटींची ड्यूटी दाखविली. अशा परीक्षांतील विक्रमांपेक्षां महत्त्वाची गोष्ट ही कीं, १८११ मध्यें दोन कोटींच्या आंत असलेली सरासरी १८४० नंतर सहा कोटींच्या आसपास गेली. तेंच पाणी उपसण्यास पूर्वीच्या एकतृतीयांश कोळसा पुरूं लागला. आणि ही करामत कोणा एका प्रतिभावंताची नव्हती, अनेकांच्या लहान लहान भरींची होती. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲलन यांनीं १९८३ मध्यें अशा प्रकारास 'सामुदायिक शोध' असें नांव दिलें.

या चित्रास दुसरी बाजूही आहे. जें छापलें जातें त्याचाच ध्यास लागतो. ड्यूटीचा आंकडा चढविण्याच्या चढाओढींत वाफेचा दाब व तिचें प्रसरण इतकें ताणलें गेलें कीं, पंपांचे दांडे व यंत्राचे भाग मोडूं लागले. आंकड्यांच्या खरेपणाविषयीं परस्परांवर संशय घेतले गेले. पुढें खाणींची भरभराट ओसरली, तसा पत्रकाचा दराराही कमी झाला.

याहून बोचणारी गोष्ट ट्रेव्हिथिकची. त्याच्या यंत्राच्या अनुकरणानें खाणींचे अपार पैसे वांचले. तो १८१६ मध्यें पेरू देशास गेला आणि १८२७ मध्यें रिकाम्या हातानें परतला. आपल्या कामाचा मोबदला मिळावा म्हणून त्यानें पार्लमेंटकडे अर्ज केला; त्याचा उपयोग झाला नाहीं. १८३३ मध्यें तो डार्टफर्ड येथें दारिद्र्यांत मरण पावला. कॉर्नवॉलच्या व्यवस्थेनें सांगणाऱ्यास कीर्ति दिली, पण त्याच्या म्हातारपणाची तरतूद केली नाहीं.

ही उणीव भरून काढण्याचा एक लक्षणीय प्रयत्न पुढें स्कॉटलंडमधील डंबार्टन येथें झाला. विल्यम डेनी याच्या जहाजबांधणीच्या कारखान्यांत १८८० मध्यें अशी योजना निघाली कीं, कामगारानें नवें हत्यार शोधलें, जुन्या यंत्रांत सुधारणा सुचविली, किंवा काम सोपें करण्याची रीत दाखविली, तर त्याची पारख एका समितीनें करावी आणि त्यास रोख बक्षीस द्यावें. कॉर्नवॉलमध्यें एंजिनिअराचें नांव छापलें जाई. येथें त्याच्या हाताखालच्या कामगारास विचारण्यांत आलें, आणि त्याच्या कल्पनेची किंमतही मोजण्यांत आली.

या दोन उदाहरणांवरून एवढें स्पष्ट दिसतें कीं, नोकरांनीं ज्ञान वाटावें असा नुसता उपदेश करून मुठी उघडत नाहींत. माणूस विद्या राखून ठेवतो तो बहुधा कृपणपणानें नव्हे, भीतीनें. सांगितलें तर आपली गरज संपेल, ही ती भीति. मोजमाप सर्वांसमोर आणि निःपक्षपाती असेल, सांगणाऱ्याचें नांव त्याच्या कामास चिकटून राहील, आणि झालेल्या बचतींतला वांटा त्याच्या घरापर्यंत पोंचेल, तर ती भीति ओसरते. यांपैकीं पहिल्या दोन गोष्टी लीनच्या पत्रकानें साधल्या. तिसरी राहून गेली, आणि तिची किंमत ट्रेव्हिथिकनें दिली.