रायचूर

कर्नाटक राज्याच्या ईशान्य भागातील याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या २,३४,०७३ (२०११). मुंबई–चेन्नई लोहमार्गावरील हे शहर उत्तरेस कृष्णा व दक्षिणेस तुंगभद्रा या नद्यांमधील दुआबात वसले आहे. बहमनी आणि विजयानगर यांच्यात सुमारे दोन शतके चाललेल्या झगड्याचे मूळ हाच दुआब. जमीन काळी व कसदार, दोन्ही नद्यांचे उतार हाताशी, त्यामुळे रायचूर व मुदगल हे किल्ले ज्याच्याकडे त्याला शेजाऱ्याच्या मुलखात उतरणे सोपे जाई.

किल्ला काकतीयांच्या अमदानीतला. पश्चिम तटात बसवलेल्या सुमारे ४१ फूट लांबीच्या अखंड शिळेवर १२९४ चा तेलुगू लेख असून त्यात गोरे गंगय्या रेड्डी याच्या सेनानीने किल्ला बांधल्याचा निर्देश आहे. ही शिळा गाड्यावरून ओढून आणल्याचे रेखाचित्रही जवळच कोरलेले आहे.

विजयानगर (१३३६) व बहमनी (१३४७) ही राज्ये उदयास येताच दुआबासाठी लढाया सुरू झाल्या. १३६६ मध्ये विजयानगरच्या पहिल्या बुक्काने मुदगल घेतले. बहमनी सुलतान पहिल्या मुहम्मदशाहने त्याचा भीषण सूड उगवला. फिरोजशाह बहमनी व पहिला देवराय यांच्यातील १४०६ च्या युद्धाचे कारण म्हणून मुदगलच्या सोनाराच्या मुलीची कथा इतिहासकार फिरिश्ता सांगतो. ती रंजक असली, तरी खरे कारण दुआबाचा महसूल हेच दिसते. या युद्धात देवरायाला आपली मुलगी व बंकापूर द्यावे लागले. पण पुढे पानगलच्या वेढ्यात बहमनी छावणीत रोगराई पसरली आणि १४२० च्या सुमारास फिरोजशाहचा पुरता पराभव झाला. त्यानंतर बहमनींपुढे लागोपाठ आलेल्या अपयशांतून दुसऱ्या देवरायाने धडा घेऊन मुसलमान तिरंदाज चाकरीस ठेवले, सैन्य सुधारले व १४४३ मध्ये तुंगभद्रा ओलांडून मुदगल घेतले. रायचूरला त्याने वेढा घातला, पण अखेर खंडणी कबूल करून त्याला तह करावा लागला. या झगड्याला केवळ धर्मयुद्ध मानणाऱ्यांनी दोन्ही बाजूंच्या सैन्याची घडण पाहावी.

बहमनी वजीर महमूद गावानच्या वधानंतर (१४८१) बहमनी राज्य मोडकळीस आले आणि दुआब विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. रायचूर, मुदगल व उदयगिरी हे किल्ले घेण्याची इच्छा विजयानगरचा राजा साळुव नरसिंह मरताना मागे ठेवून गेला, असे पोर्तुगीज बखरकार नूनिझ लिहितो. ती पुढे राजा कृष्णदेवरायाने पूर्ण केली. निमित्त घोड्यांचे झाले. गोव्यात घोडे विकत घेण्यासाठी ४०,००० परदाव (सोन्याची नाणी) देऊन पाठवलेला व्यापारी आदिलशाही मुलखात पळाला आणि इस्माईल आदिलशाहने त्याला परत पाठवले नाही. रायाने रायचूरला वेढा घातला. तो उठवण्यासाठी आलेल्या इस्माईलशी १९ मे १५२० रोजी लढाई झाली. (नूनिझ १५२२ हे वर्ष देतो, ते ग्राह्य मानले जात नाही.) आरंभी आदिलशाही तोफांपुढे रायाची आघाडी फुटली. त्याने स्वतः पुढे होऊन फौज सावरली. इस्माईल कसाबसा कृष्णेपार गेला, त्याचे अनेक सैनिक नदीत बुडाले. सात लाखांवर पायदळाचा नूनिझचा आकडा हजेरीपटापेक्षा ऐकीव गप्पांतला वाटतो. किल्ला मात्र या विजयानंतरही लढत राहिला. तेव्हा क्रिस्तोव्हाँव द फिगेरेदु या पोर्तुगीजाच्या बंदूकधाऱ्यांनी तटावरचे रक्षक टिपले आणि त्यांच्या आडोशाने रायाचे लोक पहारींनी तटाचे दगड काढू लागले. डोकावून पाहणारा किल्लेदार गोळी लागून पडल्यावर किल्ला शरण आला.

हे यश दहा वर्षे टिकले. कृष्णदेवरायानंतर, १५३० मध्ये, इस्माईलने रायचूर व मुदगल परत मिळवले. पुढे विजयानगरचा कारभार पाहणाऱ्या रामरायाने विजापूर, अहमदनगर व गोवळकोंडा यांना एकमेकांविरुद्ध झुंजवले. विजापूरच्या साथीने तो निजामशाही मुलखात अहमदनगरपर्यंत गेला. अखेर सुलतान एकत्र आले आणि तालिकोटच्या लढाईत (१५६५) रामराय मारला गेला. त्यानंतर दुआब आदिलशाहीच्या अखेरपर्यंत तिच्याकडेच राहिला. १६८६ मध्ये तो औरंगजेबाकडे व नंतर हैदराबादच्या निजामाकडे गेला. निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड व धाराशिव यांबरोबर तो इंग्रजांना दिला. १८६० मध्ये दुआब व धाराशिव परत मिळाले, वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिला. १९५६ मध्ये रायचूर म्हैसूर राज्यात आले. कोप्पळ जिल्हा १९९७ मध्ये वेगळा झाल्याने जुन्या नोंदींतील जिल्ह्याचे आकडे आता लागू नाहीत.

किल्ल्याचा बाहेरचा तट आदिलशाही काळातील असून नवरंगी दरवाजावरील शिल्पे पाहण्याजोगी आहेत. ‘एक मिनार की मशीद’ हिजरी ९१९ (इ. स. १५१३) मध्ये, नामधारी बहमनी सुलतान महमूदशाहच्या काळात, अंबर नावाच्या इसमाने बांधली, तिचा मिनार ६५ फूट उंच आहे.

भात व कापूस ही मुख्य पिके. शक्तिनगर येथे औष्णिक वीजकेंद्र व जिल्ह्यात हट्टी येथे सोन्याची खाण आहे.

जिल्ह्यातील मस्की येथे १९१५ मध्ये अशोकाचे नाव असलेला शिलालेख सापडला. कृष्णेच्या पात्रातील बेटावरचे कुरवपूर हे दत्तावतार मानल्या जाणाऱ्या श्रीपाद श्रीवल्लभांचे स्थान असून महाराष्ट्रातून आगगाडीने येणारे दत्तभक्त रायचूर स्थानकावर उतरून तेथे जातात.