शिवज्योत दौड

शिवजयंतीला गडावर पेटवलेली मशाल धावत गावी नेण्याची महाराष्ट्रातील प्रथा. मंडळाची मुले आळीपाळीने, बरीचशी अनवाणी, धावतात. मागे टेम्पोत तेल आणि जादा पलिते असतात. वेशीवर सुवासिनी ज्योतीला ओवाळतात. तिथीची जयंती फाल्गुन वद्य तृतीयेला आणि शासकीय १९ फेब्रुवारीला, त्यामुळे ज्योतीही दोनदा निघतात. नवरात्रात तुळजापूरहून आणली जाणारी भवानीज्योत याच घराण्यातली.

ज्योत कोणत्या गडावरून आणायची, हेही ठरवावे लागते. उदाहरणार्थ, मालवण तालुक्यातील मसुरे गावाला स्वतःचा भरतगड आहे. पण कालावलच्या खाडीकाठचा हा किल्ला वाडीकर फोंड सावंतांनी १७०१ च्या सुमारास बांधला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या पश्चात. खास शिवकालीन ठिकाण हवे तर मालवणचा सिंधुदुर्ग (बांधकामारंभ १६६४). तिथल्या शिवराजेश्वर मंदिरात महाराजांची मूर्ती पुजली जाते. किल्ला कुरटे बेटावर असल्याने तेथून निघालेल्या ज्योतीचा पहिला टप्पा होडीतूनच. फेब्रुवारीतला वारा मशालीची परीक्षा घेतो.

शिवज्योतीशी तुलना करता येईल अशी ऑलिंपिकची ज्योतयात्रा १९३६ साली बर्लिनच्या खेळांसाठी कार्ल डीम यांच्या पुढाकाराने सुरू झाली. प्राचीन ग्रीक खेळांत ती नव्हती. ऑलिंपियात अंतर्गोल आरशाने सूर्यकिरण एकवटून ज्योत पेटवतात आणि प्रत्येक धावपटू आपली वेगळी मशाल आधीच्या धावपटूच्या मशालीने पेटवून घेतो. शिवज्योतीत बहुधा मशाल एकच, हात बदलतात. २००८ मध्ये दिल्लीत ऑलिंपिक ज्योत कडेकोट बंदोबस्तात, आखूड मार्गावरून धावली. शिवज्योत मात्र रस्त्यावरचा कोणीही चार पावले हाती घेऊ शकतो.