बालकाचे पहिले पादत्राण

घरातील मूल भिंतीचा आणि वडीलधाऱ्यांच्या बोटाचा आधार सोडून स्वतःच्या बळावर उंबरठ्यापर्यंत येऊ लागले, म्हणजे अंगणाबाहेर पडणाऱ्या त्या पावलांत आता काय घालावे, हा प्रश्न मातापित्यांपुढे उभा राहतो. वरवर पाहता हा प्रश्न केवळ बाजारहाटाचा, चार दुकाने हिंडून सुटणारा वाटतो. परंतु त्याच्यामागे फार मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात भिक्षुसंघाचे नियम, गावगाड्यातील हक्क, सरकारदरबारचे रिवाज, यंत्रांचे कारखाने आणि शरीरशास्त्रज्ञांचे प्रबंध या सर्वांचा वाटा आहे. तो ध्यानी घेतला असता निवडीचे तत्त्वही हाती लागते, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने परामर्श घेणे इष्ट होय.

पादत्राणाच्या प्रयोजनाची स्पष्ट चर्चा आपल्या देशात बौद्धांच्या विनयपिटकात आढळते. त्यातील महावग्गाचे एक प्रकरण चर्माच्या वस्तूंनाच वाहिलेले आहे. चंपानगरीच्या श्रेष्ठीचा सोण कोळिविस नावाचा अत्यंत सुकुमार पुत्र भिक्षू झाल्यावर अनवाणी चंक्रमण, म्हणजे येरझारा, करू लागला आणि त्याची पावले फुटून ती भूमी रक्ताने माखली, तेव्हा बुद्धांनी एका तळाच्या वहाणा वापरण्याची अनुज्ञा दिली, असा वृत्तांत तेथे आला आहे. त्याहून आपल्या दृष्टीने महत्त्वाची हकीकत अवंती-दक्षिणापथाची आहे. त्या प्रांतातून सोण कुटिकण्ण नावाचा दुसरा भिक्षू आपले गुरू महाकात्यायन यांच्या विनंत्या घेऊन बुद्धांच्या दर्शनास गेला. त्यांतील एक विनंती अशी होती की, आमच्या मुलखातील जमीन काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली असल्यामुळे तेथे अनेक पदरी तळाच्या वहाणांची मोकळीक असावी. ती मोकळीक मिळाली. काळ्या मातीत वावरणाऱ्या आपल्या लोकांस हे गाऱ्हाणे परके वाटण्याचे कारण नाही. पायाला इजा होत असेल तरच वहाण, आणि जशी भूमी तसा तळ, हा जो विवेक त्या निर्णयांत दिसतो, तोच पुढील सर्व कथेचा निकष मानण्यास हरकत नाही.

आपल्या घरांतील जुन्या वहिवाटीनेही हा विवेक आपल्या परीने सांभाळला होता. जोडे उंबरठ्याबाहेर उतरवण्याचा दंडक असल्यामुळे मुलाचे चालणे शिकणे सर्वस्वी अनवाणी पायांनी होई. शेणाने सारवलेली भुई, ओटीवरची फरशी, अंगणातील चोपलेली माती, कोकणात जांभ्या दगडाच्या पायऱ्या, अशा नाना प्रकारच्या पृष्ठभागांवर त्याची बोटे रुतत, पसरत आणि तोल सावरण्यास शिकत. हाताला पांगुळगाडा असे, पायांत चांदीचे वाळे असत. परंतु तळपाय आणि भूमी यांच्यामध्ये काहीही नसे. ही चाल कोणी वैद्यकाचा विचार करून पाडली नव्हती, शुचितेच्या कल्पनेतून ती आली होती. तथापि तिचा लाभ मात्र अनेक पिढ्यांच्या पावलांना मिळाला.

घराबाहेरच्या वहाणेची जबाबदारी गावगाड्यात चांभाराकडे असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात ज्या बलुतेदारी व्यवस्थेचे मर्मग्राही वर्णन केले आहे, तिच्यात चांभाराचे स्थान महत्त्वाचे होते, कारण शेतकऱ्याच्या वहाणांप्रमाणेच विहिरीवरची मोट, नाडा आणि आसूड यांचेही काम त्याच्याच आरी-रापीवर अवलंबून असे, आणि त्याचा मोबदला त्याला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. या व्यवस्थेत जोडा हा तयार माल नव्हता. गिऱ्हाइकाचे पाऊल प्रत्यक्ष पाहून, त्याची रेघ आखून तो बेतला जाई, आणि चावू लागला तर दुसऱ्या दिवशी तोच कारागीर तो सैल करून देई. पाऊल आधी आणि जोडा नंतर, हा क्रम या पद्धतीत गृहीत धरलेला होता.

परंतु त्या काळाचे गुणगान करताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. असंख्य मुले अनवाणी चालत ती पायांच्या हितासाठी नव्हे, दारिद्र्यामुळे. आणि कित्येक गावांत अस्पृश्य मानलेल्या लोकांस वरिष्ठ वर्णाच्या वस्तीतून पायांत वहाण घालून जाण्यास मज्जाव होता, म्हणजे ज्या हातांनी साऱ्या गावाचे पाय झाकले त्यांच्याच घरातील लेकरांना तो अधिकार नाकारला जाई. बाभळीचा काटा, सराटे, वैशाखात तापलेली वाट आणि पावसाळ्यात घाणीने दूषित झालेली ओली माती यांचा ताप ज्यांच्या वाट्याला आला, त्यांना अनवाणी चालण्याचे माहात्म्य कोण सांगणार? अंकुशकृमीची अळी पायाच्या कातडीतून शरीरात शिरते, हे आर्थर लूस या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरो येथे शोधून काढल्यावर तर घराबाहेर पादत्राण असणे हा आरोग्याचा प्रश्न ठरला.

महाराष्ट्रात चर्मकलेचे सर्वांत सुविख्यात क्षेत्र म्हणजे कोल्हापूर आणि त्याच्या सभोवतालचा प्रदेश. या कारागिरांत बाराव्या शतकातील कल्याणच्या शरणांची, म्हणजे शिवभक्त संतांची, स्मृती जागती आहे. बसवेश्वरांसाठी आपल्या व पत्नीच्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा करणाऱ्या हरळय्याची कथा महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंस भक्तिभावाने सांगितली जाते. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, खिळ्याऐवजी कातड्याच्याच वादीने घातलेले टाके आणि स्त्रियांच्या हातांनी गुंफलेली वेणी ही कोल्हापुरी चपलेची लक्षणे होत. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, या धंद्याला दरबाराचा आश्रय लाभला; आणि २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतील मिळून आठ जिल्ह्यांना या चपलेचे भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. सणासुदीला लहान मुलांसाठीही तशाच चिमुकल्या जोड्या घेतल्या जातात. त्यांचे सौंदर्य निर्विवाद आहे. परंतु नवी चप्पल कडक असते, ती तेल पाजून आणि वापरून मऊ करावी लागते, आणि मागे पट्टा नसल्यामुळे ती पायात टिकवण्यासाठी बोटे आवळून धरावी लागतात. ज्याने चालणे नुकतेच आरंभिले आहे त्याच्या बोटांना हे काम देणे योग्य नव्हे. दोन वर्षांनी तशी चप्पल त्याने अवश्य घालावी.

इंग्रजी अंमलात जोड्याला एक निराळाच अर्थ प्राप्त झाला. देशी जोडा दरबारात उतरवून जावे, हा जुना रिवाज इंग्रजांनी आपल्या प्रतिष्ठेसाठी चालू ठेवला. मात्र युरोपीय धर्तीचे बूट घालणाऱ्या देशी गृहस्थांस १८५४ च्या सरकारी ठरावाने सवलत मिळाली. १८६२ साली मानकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी सुरतेच्या फौजदारी अदालतीत जोडे उतरवण्यास नकार दिला, तेव्हा हा तंटा मुंबई इलाख्यात गाजला. अशा वातावरणात बूट हे सुधारणेचे आणि दर्जाचे चिन्ह बनले यात नवल नाही, आणि जे चिन्ह वडिलांच्या पायात आले ते लवकरच मुलांच्या पायांतही उतरले. त्या काळच्या सधन कुटुंबांच्या छायाचित्रांत जरीची टोपी आणि अंगरखा घातलेले बालक मोजे व ताठ बूट घालून उभे केलेले दिसते. भूमीपासून रक्षण करणे हे जे पादत्राणाचे मूळ प्रयोजन, ते येथे मागे पडले.

ज्या युरोपाचे अनुकरण आपण करीत होतो, त्या युरोपातही पावलांची स्थिती स्पृहणीय नव्हती. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून उंच टाचांची चाल पडल्यावर डाव्या व उजव्या पायांचे निरनिराळे फर्मे, म्हणजे जोड्याचे साचे, करणे कारागिरांस अवघड झाले, आणि दोन्ही पायांना एकच सरळ जोडा घालण्याची प्रथा पडून ती एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली. या विपरीत प्रकाराविरुद्ध प्रथम आवाज उठवणाऱ्यांत डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रुस काम्पर हा अग्रगण्य होय. त्याने १७८१ साली पादत्राणाच्या उत्तम आकारावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. पुढे १८५८ साली झुरिकच्या हेर्मान फॉन मायर याने असे दाखवून दिले की, निरोगी पावलात अंगठ्याच्या मध्यातून काढलेली रेषा टाचेच्या मध्यातून जाते, आणि ज्या जोड्यात ही रेषा मोडते तो जोडा पाऊलही मोडतो. त्याच वर्षी अमेरिकेत लायमन ब्लेक याने वरचे कातडे तळाला शिवणारे यंत्र सिद्ध केले, आणि १८८३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लिन गावी यान मात्सेलिगर या सुरिनामहून आलेल्या कामगाराने फर्म्यावर कातडे ताणून बसवण्याचे यंत्र शोधले. जोडे स्वस्त झाले, ही मोठीच लोकसेवा घडली. परंतु आता फर्मा आधी ठरू लागला आणि पावलाने त्यात मावावे अशी अपेक्षा उत्पन्न झाली.

हिंदुस्थानात हे परिवर्तन १९३० नंतरच्या दशकात वेगाने आले. चेकोस्लोव्हाकियातील झ्लिन गावच्या बाटा कंपनीने कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी बाटानगर वसवले, आणि पुढे रबरी तळाचे कापडी जोडे तालुक्याच्या पेठेपर्यंत पोहोचले. त्यांच्याबरोबर विलायती क्रमांकांची पद्धतही आली. तिच्यात मुलांचे माप चार इंचांपासून मोजावयाचे आणि जवाच्या एका दाण्याची, म्हणजे एक तृतीयांश इंचाची भर पडली की पुढचा अंक धरावयाचा. ही केवळ लांबीची मोजणी आहे. पावलाची रुंदी आणि उंची तिच्यात येत नाही, हे खरेदीच्या वेळी अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

मापाचा हा प्रश्न यंत्राने सोडवण्याच्या हव्यासाने पाश्चात्त्य देशांत एक खेदजनक प्रकरण घडले. १९२० नंतर अमेरिका व इंग्लंड येथील दुकानांत क्षकिरणांची पेटी ठेवण्याची चाल पडली. मुलाने तीत पाय घालावा आणि आईने व विक्रेत्याने वरच्या झरोक्यातून जोड्याच्या आत हलणारी हाडे पाहावीत, अशी ती योजना होती. वाढत्या हाडांवर निष्कारण किरणांचा मारा होत आहे, याची जाणीव दुसऱ्या महायुद्धानंतर दृढ झाली आणि १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने या पेट्यांवर बंदी घातली. जे काम आईच्या अंगठ्याने दाबून पाहता येत होते त्यासाठी असंख्य बालकांना धोक्यात घालण्यात आले.

यानंतरच्या संशोधनाने मात्र आपल्या जुन्या वहिवाटीस अनपेक्षित आधार दिला. नुकत्याच चालू लागलेल्या मुलाच्या पावलात हाडांपेक्षा कूर्चेचा भाग बराच असतो, तळव्यात मेदाची गादी असल्यामुळे ते सपाट दिसते, आणि तळव्याची कमान पुढील काही वर्षांत हळूहळू आकारास येते; म्हणून सपाट पाऊल पाहून आईबापांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. कर्नाटकातील राव आणि बेंजामिन जोसेफ या संशोधकांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार पादत्राण वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के, तर न वापरणाऱ्यांत अवघे २.८ टक्के आढळले. बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक आणि सँडल वा चपला घालणाऱ्यांत त्याहून कमी होते. कमानीला आधार देणारा, घोटा घट्ट बांधणारा जड बूट पाऊल घडवतो, ही समजूत या पुराव्यापुढे टिकत नाही. पाऊल स्वतःच्या हालचालीने घडते.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष व्यवहारात उतरवावयाचा तर दुकानात पुढील गोष्टी पाहाव्यात. माप सायंकाळी, दिवसभरात पाऊल किंचित फुगल्यावर, मुलाला उभे करून आणि दोन्ही पायांचे घ्यावे, आणि जो पाय मोठा असेल त्याप्रमाणे जोडा घ्यावा. सर्वांत लांब बोटापुढे मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी, आणि पुढचा भाग बोटे पसरता येतील इतका रुंद व उंच असावा. तळ पातळ, न घसरणारा आणि बोटांच्या मुळाशी हाताने सहज वाकणारा असावा. टाच उंच नसावी. जोडा वजनाला हलका असावा आणि पट्ट्याने पायात नीट बसावा. वरचा भाग मऊ कातड्याचा किंवा कापडाचा असला तर आपल्या हवेत घाम कोंडत नाही. पावसाळ्यात मात्र लवकर वाळणारी, मागे पट्टा असलेली साधी सँडल बरी. 'पुढच्या वर्षी होईल' म्हणून मोठा जोडा घेऊ नये, आणि थोरल्या भावंडाच्या पायाने आकार बदललेला जोडाही धाकट्याला देऊ नये. चिमुकल्या पावलाला दाब लवकर जाणवत नाही आणि जाणवला तरी मुलाला तो सांगता येत नाही, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी माप पुन्हा पाहणे हे पालकांचेच कर्तव्य आहे.

किंमत, चकाकी, चालताना होणारा शिटीचा आवाज आणि चारचौघांतील कौतुक यांपैकी कशाचाही पावलाच्या हिताशी संबंध नाही. जोड्याने काटा, काच, चटका आणि घाण यांपासून रक्षण करावे व इतर सर्व बाबतींत पावलाच्या वाटेत येऊ नये, एवढीच त्याची योग्यता. म्हणून पालकांस विनंती अशी की, घरात व स्वच्छ अंगणात मुलाला निःशंकपणे अनवाणी खेळू द्यावे, बाहेर नेताना हलका आणि मोकळा जोडा घालावा, आणि परत येताच तो उंबरठ्याबाहेर काढून ठेवावा.