पाणी तापवायचा बंब : देखभाल आणि दुरुस्ती

भोपाळमधल्या मराठी घरांत माळ्यावर, गच्चीवरच्या खोलीत किंवा मागच्या अंगणात अजूनही तांब्या-पितळेचे बंब सापडतात. १ नोव्हेंबर १९५६ ला नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी झाली आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची नोकरदार मंडळी इथे आली. पाठोपाठ हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहिला, त्यातही आपली बरीच माणसे लागली. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या काळी गिझर कुठला? आमच्याकडचा बंब वडिलांबरोबर नागपूरहून आला आणि अजून चालू आहे. दर वर्षी दिवाळीच्या आधी चार-पाच घरांतून विचारणा होते : बंब गळतो आहे, काय करावे? भंगारात द्यावा का? एकेकाला वेगळे सांगण्यापेक्षा सगळे एका जागी लिहून ठेवावे, असे ठरवले.

बंब हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला असे मानतात. आग विझवणारा तोही बंब आणि आग पोटात घेणारा हाही बंब! उत्तर भारतात याच जातीच्या भांड्याला हमाम म्हणतात. रशियातला आणि काश्मीरमधला सामोवारही याच तत्त्वावर चालतो.

बंबाची रचना

बाहेर मोठे नळकांडे आणि मधोमध उभी नळी. नळीत जाळ, नळी आणि बाहेरचा पत्रा यांच्या मधल्या जागेत पाणी. नळीच्या तळाशी लोखंडी जाळी असते, तिच्याखाली राख पडायची जागा आणि हवा आत जायची भोके. लाकूड वरून नळीत टाकायचे. हवा खालून येते, धूर वरून जातो. जाळाला चारी बाजूंनी पाणी असल्याने उष्णता फार वाया जात नाही, हीच या भांड्याची खरी हुशारी.

बंब दोन प्रकारचे असतात. एकाला खाली तोटी असते, ती उघडली की गरम पाणी येते. दुसऱ्याला नरसाळे असते. नरसाळ्यातून थंड पाणी तळाशी जाते आणि तेवढेच गरम पाणी वरच्या चोचीतून बाहेर पडते. एक बादली घाला, एक बादली घ्या. दुसऱ्या प्रकारात पाणी घातल्याशिवाय पाणी निघतच नाही, म्हणून तो कधी रिकामा होत नाही. तोटीच्या बंबाला ही सोय नाही, आणि दुरुस्तीला येणारे बहुतेक बंब त्यामुळेच तोटीचे असतात.

कारण असे. तांबे वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात, म्हणजे लाकडाच्या जाळाने ते वितळायचे नाही. पण सांधे तांब्याचे नसतात. शिसे आणि कथिल यांची साधी डाक १८३ अंशांपासूनच मऊ पडू लागते. नळीच्या पलीकडे पाणी असेपर्यंत पत्रा शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही आणि डाक सुरक्षित राहते. पाणी संपले आणि आत निखारे असले, की काही मिनिटांत सांधा सुटतो. म्हणून पहिला नियम : आधी पाणी, मग काडी. विझवताना आधी जाळ, मग पाणी. शेवटची बादली काढायची असेल तर निखारे विझल्याची खात्री करून मगच काढावी.

कोरडा बंब तापलाच, तर त्यात घाईने थंड पाणी ओतू नये. एकदम वाफ उसळून हात-तोंड भाजते आणि सांध्यांना तडे जातात. तो आपोआप थंड होऊ द्यावा, रात्र गेली तरी चालेल. बंबाचे झाकणही घट्ट दाबून बसवू नये, वर वजन तर मुळीच ठेवू नये. वाफेला वाट हवी.

बंब कुठे पेटवायचा

याबाबतीत आम्ही कोणाचीही भीड ठेवत नाही. बंब बंद न्हाणीघरात पेटवू नये, पेटलेला उचलून आतही नेऊ नये. जुन्या वाड्यांतली न्हाणी उघडी किंवा अर्धी उघडी असे, वर कौलांतून धूर जाई. आजच्या चार बाय सहाच्या टाइल लावलेल्या, एक्झॉस्ट बंद असलेल्या बाथरूमशी तिची तुलना होत नाही. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून माणूस बाहेर पळतो. पण धूर संपून नुसते लाल निखारे उरले, की आता धोका टळला असे वाटते, आणि नेमके तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड जास्त तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, चक्कर येते, मळमळते आणि माणूस दार उघडायच्या आत बसल्या जागी कोसळू शकतो. असे कोणाला झाले तर त्याला लगेच उघड्यावर आणावे आणि दवाखान्यात न्यावे. जरा बरे वाटले म्हणून घरी थांबू नये.

अंगणात, उघड्या गच्चीवर, भिंतीपासून दोन हात दूर, फरशीवर किंवा विटांवर बंब ठेवावा आणि पाणी बादलीने आत न्यावे. फ्लॅटच्या गॅलरीत मात्र नको. वरच्या मजल्यावरच्यांचे कपडे आणि त्यांचा दमा, दोन्ही आपल्या धुराच्या वाटेत असतात. घरात लहान मुले असतील तर बंबाच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला मोठे माणूस, असा बंदोबस्त असावा. बंब बाहेरून चकचकीत दिसतो, तापलेला आहे हे मुलांना कळत नाही.

जळण

मराठीत बंबफोड असा खास शब्द आहे : वीतभर लांबीची, अंगठ्याएवढ्या जाडीची फोडलेली लाकडे. भोपाळात वखारीला टाल म्हणतात आणि तिथे बंबफोड मागितली तर कोणाला समजत नाही. 'छोटी फाड़ी हुई सूखी लकड़ी' असे सांगावे. सुताराकडच्या ढलप्या उत्तम, पण प्लायवुड आणि सनमायकाचे तुकडे वेचून बाजूला काढावेत. त्यांतल्या डिंकाचा आणि रसायनांचा धूर वाईट. जुनी रंगवलेली चौकट, प्लास्टिक, थर्माकोल, दुधाच्या पिशव्या हेही नको. गोवरी चालते, पण राख फार होते आणि जाळी लवकर तुंबते.

लाकूड कोरडे हवे. ओल्या लाकडाची काही ताकद स्वतःचे पाणी उडवण्यात जाते आणि नळीला काजळी धरते. दोन तुकडे एकमेकांवर आपटावेत. टणक आवाज आला तर कोरडे, बद्द आला तर ओले.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. वीस लिटर पाणी पंधरा अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यायचे तर सहाशे किलोकॅलरी लागतात. निम्मी उष्णता वाया गेली असे धरले तरी तीनशे ते साडेतीनशे ग्रॅम कोरड्या लाकडात काम होते. विजेने तेच काम साधारण पाऊण युनिटात होते. म्हणजे रोजच्या वापरासाठी गिझर स्वस्त नसला तरी सोपा आणि धूर न करणारा आहे, हे मान्य करायला हवे. बंब दिवाळीसाठी, डिसेंबर-जानेवारीतल्या वीज गेलेल्या सकाळसाठी आणि घरी पाहुणे उतरले की.

नेहमीची स्वच्छता

रोज वापर असेल तर राख रोज काढावी. राख जाळीपर्यंत साचली की खालून हवा येत नाही, जाळ धुमसतो आणि लाकूड दुप्पट लागते. शिवाय ओल्या राखेत क्षार असतात, त्यांनी जाळी आणि तळाची कड खाल्ली जाते. गार झालेली राख झाडांना घाला, भांड्यांना वापरा, पण बंबात ठेवू नका. आठवड्यातून एकदा नळी आतून काथ्याच्या कुंच्याने घासावी. काजळीचा थर उष्णता अडवतो. नळी गरम असताना तिच्यात पाणी ओतून काजळी धुऊ नये.

पाण्याच्या बाजूला साचतो तो पांढरा क्षार. मोठ्या तलावाचे, कोलारचे किंवा नर्मदेचे पाणी वापरणाऱ्यांकडे तो कमी असतो, बोअरच्या पाण्यावाल्यांकडे दोन हिवाळ्यांत पापुद्रे निघतात. पाणी तापताना बंब खडखड वाजू लागला की क्षार झाला असे समजावे. दहा लिटर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून ते दोन तास बंबात ठेवावे (किराणा दुकानात 'नींबू का सत' मागावे). झाकण उघडे ठेवावे, फेस येतो. मग काथ्याने घासून तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावे. संडास साफ करायचे ॲसिड वापरू नये. ते क्षाराबरोबर सांध्यांची डाक आणि पत्राही खाते.

बाहेरून चिंच-मीठ किंवा पितांबरी, जे हाताशी असेल ते. मुख्य गोष्ट नंतरची : खळखळून धुणे आणि कोरड्या फडक्याने पुसणे. चिंचेचा अंश राहिला तर आठवड्यात हिरवे डाग पडतात. हे हिरवे जंगाल पोटात जाणे वाईट. म्हणून, आणि डाकेत शिसे असते म्हणूनही, बंबाचे पाणी अंघोळीचेच. चहाला, स्वयंपाकाला किंवा तोंड धुताना घोटभर पिण्याला ते घेऊ नये.

गळती शोधणे

बंब काठोकाठ भरून बाहेरून पूर्ण कोरडा पुसावा, सांध्यांवर कोरडी रांगोळी किंवा खडूची भुकटी चोळावी आणि वर्तमानपत्रावर तासभर ठेवावा. भुकटी जिथे ओली होईल तिथे गळती. पाणी बाहेर न दिसता जाळीखाली टपकत असेल तर मधल्या नळीचा सांधा गेला आहे.

तोटीच्या बुडाशी गळत असेल तर काम घरचे. तोटी काढून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळावी, वॉशर बदलावा. तोटीच्या आतून थेंब येत असेल आणि ती जुन्या पद्धतीची, पितळी खुंटी फिरणारी असेल, तर मोटारीच्या व्हॉल्व्हसाठी मिळते ती ग्राइंडिंग पेस्ट खुंटीला लावून पाच मिनिटे फिरवावी. पेस्ट पूर्ण धुऊन किंचित तेल लावून बसवावी. नवी तोटी घेण्याची गरज बहुधा पडत नाही.

बाहेरच्या उभ्या सांध्याला साधी डाक चालते. मधल्या नळीच्या खालच्या सांध्याला मात्र पितळेचा झाळ मागावा, साधी डाक नको. जिथे जाळ सर्वांत जवळ आहे तिथेच ती द्यायची म्हणजे पुन्हा तेच. एम-सीलसारख्या लगद्यांचा आम्हाला भरवसा नाही. बाहेरच्या बाजूला आठवडाभर निभावते, जाळाच्या बाजूला नाही, आणि नंतर डाक देणाऱ्याला तो लगदा खरवडण्यातच अर्धा दिवस घालवावा लागतो. पत्रा बोटाने दाबला तर आत जात असेल, म्हणजे झिजून पातळ झाला असेल, तर डाक देऊनही उपयोग नाही. तिथे नवा तुकडा जोडावा लागतो.

कारागीर शोधताना आपले शब्द कामाला येत नाहीत. जुन्या शहरात भांड्यांच्या दुकानांत कसेरा किंवा ठठेरा कुठे बसतो ते विचारावे. डाक म्हणजे तिथे टाँका, तोटी म्हणजे टोंटी. पितळी झाळासाठी 'पीतल का टाँका' असे स्पष्ट सांगावे. जाळी कोणताही लोहार सळ्या जोडून करून देतो, माप म्हणून जुनी जाळी न्यावी. दुरुस्त झालेला बंब तिथेच पाणी भरून पाहावा, पैसे मग.

भंगारात देण्यापूर्वी

भंगारवाला वजनावर भाव देतो आणि 'पुराना है, फूटा है' म्हणत वजनातही काटतो. तांब्याचा भाव आधी दोन ठिकाणी विचारावा आणि घरी वजन करून ठेवावे. जुने बंब हाताने ठोकलेले असतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतले कारागीर या ठोक्यांच्या कामाला मठारकाम म्हणतात. ठोके नुसते शोभेचे नसतात, त्यांनी मऊ तांबे कडक होते आणि पातळ पत्राही आकार धरून राहतो. असा बंब आता नवा घ्यायला गेलात तर भंगाराच्या पैशांत तो येणार नाही. नवीन घेताना चुंबक बरोबर न्यावा. चिकटला तर वर तांब्याचा मुलामा आणि आत लोखंड आहे.

परसातल्या चुलीविषयी थोडे

कोलार रोडकडे किंवा गावाबाहेर घरे बांधलेल्या काहींनी हौसेने मातीच्या चुली घातल्या आहेत. आपल्याकडची काळी माती वाळताना फार आकसते, त्यामुळे चुलीला भेगा पडतात. काळ्या मातीत वाळू, भुसा आणि शेण मिसळून चार दिवस मुरू द्यावे. भेग बुजवताना आधी ती पाण्याने ओली करावी, मगच पातळ लिंपण. कोरड्या भेगेत भरलेली माती पहिल्याच जाळात सुटते. वैलाकडे जाणारे भोक दर आठवड्याला मोकळे करावे. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता, तो २००२ पर्यंत चालला. धुरांड्याच्या चुली गावोगाव बसल्या, पण धुरांडे साफ न केल्याने अनेक ठिकाणी धूर पुन्हा घरातच येऊ लागला. तुमच्या चुलीला धुरांडे असेल तर महिन्यातून एकदा काठीला फडके बांधून काजळी काढा.

हिवाळा संपल्यावर

होळीनंतर बंब रिकामा करावा. नरसाळ्याचा असेल तर उलटा करून, कारण चोचीतून सगळे पाणी निघत नाही. दोन दिवस उन्हात ठेवून जाळी वेगळी काढावी, तिला तेलाचा हात फिरवावा आणि झाकण उघडे ठेवून जुन्या धोतरात बांधावा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये, पावसाळ्यात आत दमट राहून जंगाल चढते.

कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी न्हाणीतले भांडे घासून, त्याला वेल बांधून पाणी भरायची रीत आहे. आपण निदान त्याच्या आठ दिवस आधी बंब खाली काढून रांगोळीची परीक्षा करून घ्यावी. टाँका देणाऱ्याकडे दिवाळीच्या आठवड्यात गर्दी असते.