‘शिकागो’ होण्याची कुळकथा

बेसबॉलच्या सामन्यात एखाद्या संघाला अखेरपर्यंत भोपळा फोडता आला नाही, तर त्याचा ‘शिकागो’ झाला असे लिहिण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन वर्तमानपत्रांत चांगलाच रुळला होता. त्या काळी चेंडू हात खाली ठेवूनच टाकावा लागे, झेल उघड्या हातांनी घ्यावे लागत आणि धावांचा पाऊस पडे. १८७० साली शिकागोच्या व्हाइट स्टॉकिंग्ज या पगारी संघाने मेम्फिसच्या संघाला १५७-१ असे लोळविले. आणि त्याच वर्षी २३ जुलै रोजी न्यू यॉर्कच्या म्युच्युअल संघाने, हॉलंडमध्ये जन्मलेल्या राइनी वोल्टर्सच्या गोलंदाजीच्या बळावर, या मातबर संघाला ९-० असे हरविले. शब्द जन्मला तो या सामन्यातून. येथवर वाद नाही.

वाद आहे तो शब्द का टिकला याविषयी. नामांकित संघाची फजिती गाजली आणि गावाचे नाव त्या फजितीला कायमचे चिकटले, असे एक मत आहे, आणि ते सरळ असल्यामुळे लोकमान्यही आहे. परंतु धाव न देण्याला ‘व्हाइटवॉश’ हा शब्द आधीपासूनच रूढ असताना, आणि पांढरे मोजे घालणाऱ्या संघाला तो विशेष शोभण्यासारखा असताना, वार्ताहरांना नवे क्रियापद घडविण्याची गरज का पडावी, याचा उलगडा त्या मताने होत नाही.

माझ्या मते किल्ली दुसऱ्याच शब्दात आहे. प्रतिपक्षाला शून्यावर हरविणे या अर्थाने ‘स्कंक करणे’ हा प्रयोग अमेरिकेत या सामन्याच्या कितीतरी आधीपासून चालत होता. स्कंक म्हणजे काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला, शेपटी उभारून असह्य दुर्गंधीची पिचकारी मारणारा प्राणी. त्याचे हे इंग्रजी नाव पूर्व किनाऱ्यावरील आदिवासींच्या अल्गोंकियन भाषांतून आले. आणि त्याच कुळातील मायामी-इलिनॉय भाषेत त्याला ‘शिकाक्वा’ म्हणत, ज्यापासून शिकागो हे नाव निघाले! शहराला मात्र हे नाव प्राण्यावरून नव्हे, तर त्याच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या उग्र वासाच्या रानलसणीवरून पडले, असे अभ्यासक सांगतात. फ्रेंच शोधप्रवासी ला साल याचा सहप्रवासी आंरी जूतेल याने सतराव्या शतकातच त्या लसणीची साक्ष दिली आहे, आणि मला ती पूर्ण मान्य आहे. तरी शब्दाच्या पोटात प्राणी आहेच, आणि १८७० च्या चतुर वार्ताहरांना त्याचा वास लागला असणार, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. ‘स्कंक’ आणि ‘शिकागो’ ही दोन वाटांनी आलेली एकाच कुळातील भावंडे होत.

पुढे ‘शटआउट’ने दोघांनाही मागे सारले. पण त्यानंतरही एकदा शिकागोचाच ‘शिकागो’ झाला तो लक्षात राहण्यासारखा. २ मे १९१७ रोजी शिकागोतच सिनसिनाटीचा टोनी आणि शिकागोचा वॉन या गोलंदाजांनी नऊ डाव एकही फटका लागू दिला नाही. दहाव्या डावात सिनसिनाटीच्या जिम थॉर्पने हळू टोलविलेला चेंडू वॉनने उचलला, आणि थॉर्पचा वेग ओळखून पहिल्या तळाऐवजी यष्टिरक्षकासारख्या मागे बसलेल्या कॅचरकडे फेकला. तो त्याच्या हाती ठरला नाही, तिसऱ्या तळावरचा सिनसिनाटीचा कॉफ धावून आला आणि निकाल लागला १-०. थॉर्प सॅक अँड फॉक्स जमातीचा. त्या जमातीची भाषाही अल्गोंकियन, आणि तिच्यात स्कंकला म्हणतात ‘शेकाक्वा’.